ज्याला काय द्यायचं नाय असा मानूस

कोंडीराम भाताच्या उडवीवरून खाली पडला, तेव्हा सगळ्यात आधी ओरडला तो त्याचा शेजारी सखा. आणि ओरडला काय, तर, "शिडी! अरं शिडी धरा!"

लोकांनी शिडी धरली. कोंडीराम पडला.

कशेळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला ते गाव. दिवाळी सरून झोडणीला जोर आलेला. खळ्यात धुरळा असा, की समोरच्या माणसाचं नाक दिसू नये. सत्तरी ओलांडलेला कोंडीराम उडवीवर उभा राहून भारे खाली टाकत होता. जन्मभर रेल्वेत गँगमन, घाटात रुळावरून चालताना कधी पाय घसरला नाही. आणि आता शिडीवर पाय ठेवायला गेला, तो ठेवला हवेत. धप्पकन उताणा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, श्वास आत जाईना की बाहेर येईना. पण कान चालू होते. कान चालू होते हीच पंचाईत झाली.

"गेला गं बाई!" ही सोनुबाई, वरच्या वाडीतनं दरवर्षी कामाला येणारी. "परवाच बंब घासून ठेवलाय मी. आता नेऊ कवा? दहावं झाल्यावर का आदी?"

"बंबाचं काय घेऊन बसलीस? शिडीची पायरी मोडली असती म्हंजी?" सखा.

तेवढ्यात पोरगा आला. रुपेश बदलापूरला राहतो, दिवाळीला आला होता, ते कानाला मोबाईल लावूनच. बापाला पडलेला बघितलं आणि खरंच त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. खोटं कशाला बोला. पण रडता रडता म्हणाला, "आई, सातबारा कुठं ठेवलाय गं? रडतोय मी, रडतोय. पण आत्ताच सांगून ठेव, नंतर तुला सुधरायचं नाय."

चंद्रभागा, कोंडीरामची बायको, मटकन बसली होती. तिला काही सुधरतच नव्हतं.

मग धावत आली ती रूपा, कोंडीरामची लेक. हातातला विळा टाकला, बापाच्या छातीला कान लावला आणि सगळ्यांवर खेकसली, "गप ऱ्हावा की जरा! बाबा चालू हायेत!"

तिनं कोंडीरामला बसता केला, पाठीत असा धपका घातला की आतला वारा बाहेर आणि बाहेरचा आत. कोंडीरामनं डोळे उघडले. सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं.

"बंब कुनाचा म्हनलीस गं, सोने?"

सोनुबाई पदर तोंडाला लावून भाऱ्यांच्या मागं गेली.

आता ह्यात सोनुबाईची काही चूक नव्हती. कोंडीरामला जन्माची खोड होती. कुणाकडनं काम करून घ्यायचं झालं की त्याचा हात खिशात जायचा नाही, तोंड उघडायचं. "मी गेल्यावर ही तुजीच हो." झालं! सख्याला शिडी बोललेला. म्हणून सखा दरसाल शिडी दुरुस्त करायचा, नवा बांबू घालायचा, नव्या पायऱ्या घालायचा. मूळच्या शिडीतली आता एक काडी शिल्लक नव्हती, सगळी शिडी सख्याच्याच घामाची, तरी ती कोंडीरामचीच. सोनुबाईला तांब्याचा बंब बोललेला. ती दर दिवाळीला वाडीतनं खाली उतरायची, चिंच लावून बंब आरशासारखा करायची आणि जाताना त्याच्यावरनं हात फिरवून जायची. न्हावी फुकट दाढी करायचा ते भिंतीवरच्या आरशाच्या आशेवर. असं अख्खं गाव. कोंडीरामच्या मरणाची वाट गाव बघत नव्हतं असं नाही. पण प्रेमानं बघत होतं.

त्या दिवशी सांजच्याला कोंडीराम ओट्यावर बसला, पाठीला तेल लावून घेत. "चंद्रे," तो म्हणाला, "मी मेलो की काय हुनार, ते मी आज ऐकून आलो."

"मंग काय हुनार?"

"तुला आन रूपाला भाईर काडतील. आन शेतात पोहायचा तलाव."

ते खरंच होतं. रूपा खोपोलीच्या नवऱ्याला सोडून माघारी आली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून शेत तीच करायची. नांगरणीला माणूस लावायची, लावणी, कापणी, मागाहून वाल, आणि कशेळ्याच्या बाजारात भाजी. रुपेशनं मात्र फार्महाऊसवाली एक पार्टी आणून शेत दाखवूनही झालं होतं. त्या पार्टीच्या माणसानं कापलेल्या भातात फक्कीनं स्विमिंग पूल आखून ठेवलेला, किडनीच्या आकाराचा. रूपानं त्या पुलात वाल पेरला.

"कागद करतो," कोंडीराम म्हणाला. "मृत्युपत्र."

"करा," चंद्रभागा म्हणाली. "न्हाईतरी बोलून बोलून वाटलंच हाय की समदं. मला नि पोरीला काय उरलं असंल, ते लिवा."

दहिवलीला पिठाच्या चक्कीशेजारच्या गाळ्यात एक वकीलबाई बसायच्या. चक्की चालू असली की त्यांच्या टेबलावर, फायलींवर आणि पक्षकारांच्या केसांवर पांढरं पीठ बसायचं. तरणी माणसंसुद्धा तिथनं म्हातारी होऊन बाहेर पडायची. कोंडीराम आणि रूपा समोर बसले.

"काका, जमीन वडिलांची का तुमची?"

"माजी. रेल्वेच्या पगारातून घेतलेली. घरपन माजंच."

"मग तुम्हाला हवं त्याला देता येईल. कुणाला द्यायची?"

"हिला. शेत आन घर. हिची आई जिती हाय तवर तितंच ऱ्हाईल."

"आणि मुलगा?"

"त्याला फंडातून बदलापूरला फ्लॅट घेऊन दिला. बाल्कनी पन हाय."

बाईंनी सगळं टिपून घेतलं. "मी मसुदा करते. तुम्ही दोन साक्षीदार आणा. तुम्ही सही करताना त्यांनी बघायचं आणि मग त्यांनी सही करायची. एवढंच. फक्त एक ध्यानात ठेवा. ज्याला तुमच्याकडून काही मिळणार आहे, असा माणूस आणू नका. उद्या भांडण कोर्टात गेलं तर समोरचा म्हणेल, फायद्यासाठी सही केली."

"हात्तिच्या!" कोंडीराम हसला. "दोन मानसं ना? आमच्या गावात मानसांना काय तोटा?"

रूपा मात्र हसली नाही. तिनं केसांतलं पीठ झटकलं आणि बापाकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीराम सख्याच्या अंगणात. सखा दात घासत होता. कोंडीरामला बघून त्यानं घाईघाईनं चूळ भरली. परवा जीव वाचला, आज शिडी द्यायला आला असणार.

"सखा, तुज्याकडं एक काम हाय. मृत्युपत्र करतोय. साक्षीदार म्हनून सही करायला चल दहिवलीला."

"चला की दादा, त्यात काय!"

"बास. वकीलबाय म्हनत व्हती, ज्याला काय मिळनार नाय असाच मानूस पायजे."

सख्याचा चेहरा आधी खुलला होता, तो तसाच राहिला, फक्त आतला उजेड गेला. "म्हंजी?"

"म्हंजी काय?"

"म्हंजी मला काय नाय?"

"तसं नाय रं."

"मंग कसं? अगं ए!" सख्यानं घरात हाक मारली. "ऐकलंस का? कोंडूदादानी मला कटाप केला! जलमभर पायऱ्या घातल्या मी त्या शिडीला! माज्या पोराला म्हननार व्हतो, ही घे, कोंडूआजाची आठवन! आता कसली आठवन?"

आतनं बायकोनं भांडं आपटलं. गल्लीतल्या तीन-चार घरांची दारं उघडली. आणि दुपारपर्यंत गावभर झालं, की कोंडीराम ज्याला साक्षीदार हो म्हणतो, त्याला तो वगळतो.

त्यानंतरची गंमत काय सांगावी? कोंडीराम रस्त्यानं येताना दिसला की माणसं घरात शिरायची. न्हाव्यानं अर्धी दाढी करून वस्तरा पुसला. "बाबा, तुमी सहीचं इचारनार नसाल तरच पलीकडचा गाल करतो." सोनुबाई तर वाडीतनं खास उतरून आली आणि दारातच उभी राहिली.

"कोंडूबाबा, मला साक्षीदार करू नका हां. मी हात जोडते. माजी काय चुकी झाली आसंल तर बंबाला पुन्यांदा चिंच लावते."

"अगं तुला कोन करतंय साक्षीदार?"

"मंग मला बंब नक्की?"

"नक्की."

"मंग आत्ताच द्या. पुन्ना तुमचं मन फिरायचं."

कोंडीरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपणच का नाही हा विचार केला? ज्याला काय द्यायचंय ते आत्ताच द्यायचं! दिलं, की त्याचं आपल्याकडं काही येणं राहिलं नाही. म्हणजे मेल्यावर काही मिळणार नाही. म्हणजे तो साक्षीला मोकळा!

त्यानं सोनुबाईच्या डोक्यावर बंब ठेवला. "आता तुजं माज्याकडं काय ऱ्हायलं?"

"काय नाय ऱ्हायलं."

"मंग सहीला येशील?"

"बगते ना," सोनुबाई म्हणाली, आणि बंबासकट ती चढण अशी चढली, की मागं बघायला मान वळत नव्हती.

सख्याला शिडी दिली. आणि मग गाव आलं. बोलवायला लागलं नाही. ज्याला पाटा बोललेला तो पाटा घेऊन गेला, जिला वरवंटा बोललेला ती वरवंटा घेऊन गेली, आणि त्या दोघांची वाटेतच जुंपली, की एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग काय. न्हावी आरसा काढायला आला तो स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन. एक जण खाटेसाठी आला तेव्हा कोंडीराम खाटेवर बसला होता. तो माणूस सभ्य. म्हणाला, "बसा की बाबा, मला घाई नाय," आणि खाटेचा पाय धरून उभाच राहिला.

दुपारी चंद्रभागा नि रूपा शेतातनं आल्या. बघतात तर घरात कोंडीराम भुईवर मांडी घालून बसलेला, आजूबाजूला काही नाही. भिंतीवर भगवान बुद्ध नि बाबासाहेबांचे फोटो तेवढे जागेवर. बोललं तर आपलाच शब्द परत यावा असं घर घुमत होतं.

चंद्रभागा दारातच थांबली. "चोर आलते?"

"नाय. साक्षीदार."

तिनं चारी कोपरे बघून घेतले. मग कमरेवर हात ठेवले.

"एक इचारू? मलापन कुनाला बोलून ठेवलीय का? तसं आसंल तर लुगडं बदलून येते."

"चंद्रे, चेष्टा नको. आता समदी मोकळी झाली. आता कोनबी सही करील."

कोणी करीना. ज्याच्या त्याच्याकडं गेला, ज्यानं त्यानं तेच सांगितलं. तुमचं-आमचं फिटलं, आता कशाला त्या कोर्टाच्या भानगडी? खाटवाला तर त्याच खाटेवर आडवा पडून म्हणाला, "बाबा, आता तुमच्याकडं ऱ्हायलंय काय, म्हनून सही करायची?"

सगळ्या गावात एक सखा तेवढा तयार झाला. शिडी मिळाल्यामुळं त्याचा राग उतरला होता आणि बायकोनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. दुसरा माणूस कुठनं आणायचा?

रूपा तीन विटांची चूल मांडून तिच्यावर तवा टेकवत होती. "बाबा, एक सांगू? तुमी ज्याला आयुष्यात काय बोलला नाय, असा गावात एकच मानूस हाय."

कोंडीरामला कळलं. "त्याचं नाव काडू नको."

"धाऊकाका."

"मी मेलो तरी त्याच्या दारात जानार नाय!"

"मेल्यावर जाऊन काय उपेग? सही जितेपनी लागते."

धाऊचं आणि कोंडीरामचं बोलणं बंद होतं ते एका हंड्यावरनं. रुपेशच्या लग्नात धाऊनं स्टीलचा मोठा हंडा दिला होता, त्याच्यावर आपलं नाव कोरून. तो कोंडीरामनं माळ्यावर टाकला आणि विसरला. पुढं धाऊच्या पोरीचं लग्न निघालं. कोंडीरामनं माळ्यावरचा एक चांगलासा हंडा उतरवला, पुसला, आणि ऐन मांडवात, माईकवर नाव पुकारून, धाऊच्या हातात धाऊचाच हंडा ठेवला. माईकवाल्यानं कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं. वऱ्हाडी हसून हसून पडले. तेव्हापासून धाऊनं कोंडीरामच्या विहिरीचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

कोंडीराम गेला तेव्हा धाऊ अंगणात बसून मळईला, म्हणजे मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याला, नवी काडी घालत होता. शेजारी शेळी बांधलेली. कोंडीरामला बघून धाऊनं मान खाली घातली आणि शेळीला म्हणाला, "इचार त्याला, वाट चुकला का?"

कोंडीरामला पण थेट बोलता येईना. इतक्या वर्षांची सवय. तोही शेळीकडंच वळला. "सांग त्याला, काम हाय. मृत्युपत्राला साक्षीदार पायजे."

"इचार त्याला, गावातली समदी कुटं मेली?"

"सांग, त्यांना समद्यांना काय ना काय मिळालं. ज्याला काय मिळनार नाय असा मानूस पायजे."

धाऊचा हात थांबला. त्यानं शेळी सोडून पहिल्यांदा कोंडीरामकडं वर बघितलं. "मला काय मिळनार नाय?"

"नाय."

"एक काडी पन नाय?"

"एक काडी नाय."

"आन हे सरकारी कागदावर ऱ्हाईल? का धाऊनी कोंड्याचं काय पन घेतलेलं नाय?"

"साक्षीदार म्हंजी तोच अर्थ."

धाऊच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की पोरीच्या लग्नात पसरायचं राहून गेलेलं ते हेच असावं. तो उठला आणि शेळीला म्हणाला, "सांग त्याला, उंद्या सदरा धुऊन येतो."

कशेळ्याहून जीप भरली की सुटते, आणि ती भरली असं ड्रायव्हरला कधी वाटतच नाही. मागच्या बाकावर कोंडीराम, सखा आणि धाऊ असे मांडीला मांडी लावून कोंबलेले. सखा मधे. वाटेत कोंडीराम म्हणायचा, "सखा, त्याला सांग, खिडकी लाव." धाऊ म्हणायचा, "सखा, त्याला सांग, काच नाय खिडकीला." दहिवली येईपर्यंत सख्याचं डोकं दोन्हीकडं वळून वळून दुखायला लागलं.

रूपा पुढं बसली होती. तिनं कागदपत्रांची पिशवी पोटाशी धरली होती, तान्ह्या पोरासारखी.

चक्की जोरात चालू होती. वकीलबाईंनी कागद टेबलावर पसरला, फुंकर मारून पीठ उडवलं आणि सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. कोंडीराम मान हलवत होता. वाचून संपलं. सखा खाकरला.

"बाय, ह्यात माजं नाव आलंच नाय कुटं."

"साक्षीदार आहात ना तुम्ही? खाली येईल नाव."

"खाली नाय. मदी. बैलगाडीचं." सखा कोंडीरामकडं वळला. "दादा, शिडी घेऊन जाताना बायको म्हनली, गाडीचंपन बोललेले तुमी. बैल विकले त्या साली. आठवा."

कोंडीरामनं आठवलं. बोललेला होता. "सखा, ती गाडी वाळवीनं खाल्लीय रं. नुसती चाकं हायेत."

"मंग चाकं. बोललेलं ते बोललेलं. मी जरा च्या पिऊन येतो."

सखा चहा प्यायला गेला आणि कशेळ्याच्या जीपमधे जाऊन बसला. ती जीप मात्र त्या दिवशी लगेच भरली.

आता मधे कोणीच नव्हतं. धाऊ टेबलाकडं बघून म्हणाला, "बाय, त्याला सांगा, मी संध्याकाळपातूर थांबनार नाय."

"बाय, त्याला सांगा, जरा दम धर!"

वकीलबाईंनी दोघांकडं बघितलं. "तुम्ही एकमेकांशी बोलत का नाही?"

त्याचं उत्तर द्यायची वेळ आली नाही. बाहेर मोटारसायकल थांबली आणि रुपेश आत घुसला. दिवाळी करून बदलापूरला परतलेल्या त्याला गावातनं कुणीतरी फोन केला असणार. एक तर न्हावी, नाहीतर खाटवाला.

"मॅडम, स्टॉप! काय सही-बिही घेऊ नका. बाबांचं डोकं फिरलंय. उडवीवरून पडल्यापासून. घरातलं सगळं वाटून टाकलं! बंब, पाटा, खाट, सगळं! आता मी घरी जाऊन आलो, आई विटेवर बसून तांदूळ निवडतेय! हे काय नॉर्मल माणसाचं लक्षण आहे का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. ही गोष्ट गंभीर होती. माणूस भानावर नसेल तर कागदाला किंमत नाही. रूपाच्या तोंडचं पाणी पळालं. कोंडीराम तोंड उघडून बसला. सांगणार काय? घर वाटलं होतं हे खरंच होतं, आणि का वाटलं ते सांगायला गेलं तर अजूनच येडा दिसला असता.

"काका," बाई धाऊला म्हणाल्या, "तुम्ही ह्यांना किती वर्षं ओळखता? ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे का?"

धाऊनं टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"बाय, ह्या मानसाला माज्याइतका कोन वळकत नाय. ह्यो हलकट हाय. ह्यो लबाड हाय. ह्यानी लोकांकडनं जलमभर फुकाट कामं करून घेतली. ह्यानी माजाच हंडा मला दिला, वर माईकवर नाव पुकारून. आता तुमीच सांगा, येड्या मानसाला हे सुचंल?"

बाईंनी पेन परत उचललं.

"येडा मानूस हंडा इकत घेतो," धाऊ म्हणाला. "ह्याचं डोकं लई ठिकानावर हाय. कालपन व्हतं, आजपन हाय. घर वाटलं ना? त्यातपन कायतरी डाव असनार बगा."

कोंडीरामचे डोळे भरून आले. असं चांगलं त्याच्याबद्दल कोणी आजवर बोललं नव्हतं.

"तुमी मधे बोलू नका हो!" रुपेश धाऊवर तडकला. "आमच्या घरातला मॅटर आहे. तुमचा काय संबंध?"

"माजा काय पन संबंध नाय. म्हनून तर मला बोलावलंय. तुजा काय संबंध, ते सांग. त्या जिमिनीत कवा चिखलात पाय घातलास का? पांढरी फक्की मारून गेलास, ती तुजी बहीन वाल पेरून बुजवतेय. बापाला येडा ठरवतोय, कशासाटी? जिमिनीसाटी?"

"मला जमीन नको!" रुपेश ओरडला.

"नको कशी? मोटारसायकल फुंकत कशापायी आलास मंग?"

चक्की बंद पडली होती. गिऱ्हाइकं पिठाचे डबे घेऊन दारात गोळा झाली होती, त्यात दोघं-तिघं कशेळ्याकडचेच. रुपेशनं मागं वळून बघितलं. सगळे त्याच्याकडं बघत होते.

"मला ह्यांचं काय नको!" त्याचा आवाज चिरकला. "एक ढेकूळ नको! माझा फ्लॅट आहे, माझी नोकरी आहे. मी काय त्या शेतावर जगतो? समजता काय तुमी मला? भिकारी? अरे, नाय पायजे मला त्यातलं काय!"

"बोलायला काय जातंय," धाऊ म्हणाला. "बोलनं ह्याच्याच घरचं हाय."

"बोलत नाय! लिहून देतो! कुठं करायची सही? आन तो कागद! ज्याला काय नको त्याचीच सही पायजे ना? घ्या! मी करतो!"

वकीलबाई मोठ्या हुशार. त्यांनी आधी कोंडीरामच्या हातात पेन दिलं. कोंडीरामनं रेल्वेच्या हजेरीवर करायचा तशी, शेवटी दोन टिंबं देऊन सही केली. रुपेश बघत होता, धाऊ बघत होता. मग धाऊनं अंगठ्याला शाई लावून घेतली आणि इतक्या जोरात दाबला की टेबल हललं. मग रुपेशनं सही केली, फर्राटेदार, खाली रेघ ओढून, आणि पेन टेबलावर फेकलं.

दारातली माणसं पांगली. चक्की परत सुरू झाली. रुपेश तसाच उभा होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला. "मॅडम," तो म्हणाला, "मी रागात सही केली."

"वडिलांना सही करताना बघितलंत ना?"

"बघितलं. पण रागात."

"रागात बघितलं तरी बघितलंच," बाई म्हणाल्या आणि कागद फायलीत घातला.

रुपेश जाताना रूपासमोर थांबला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. "पुलात वाल पेरलास?" एवढंच म्हणाला.

"पोपटीला ये," रूपा म्हणाली. "मडक्यात भाजायला शेंगा चांगल्या धरतील."

तो बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारत राहिला. ती लवकर चालू होईना.

आत कोंडीराम आनंदानं उठायला लागला, तर बाईंनी त्याला बसवलं. "काका, अजून एक. हा कागद तुमच्या मागं उघडणार. तेव्हा कुणी हरकत घेतली, तर साक्षीदारांतल्या एकानं तरी कोर्टात येऊन सांगायला लागतं, की सही माझ्यासमोर झाली. तुमचा मुलगा तेव्हा काय बोलेल, सांगता येत नाही. म्हणजे राहिले हे काका. ह्यांनी तुमच्या मागं जिवंत राहायला हवं."

कोंडीरामनं धाऊकडं बघितलं. धाऊ त्याच्यापेक्षा थोरला. आणि त्याच वेळेला, पीठ नाकात गेलं म्हणून असेल, धाऊला खोकल्याची अशी उबळ आली, की तो खुर्चीसकट पुढं सरकला.

"पानी!" कोंडीराम ओरडला. "अरं पानी आना कुनीतरी!" इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा धाऊला नावानं हाक मारली. "धाऊ! ए धाऊ! तुला काय हुता कामा नये!"

तेव्हापासून कोंडीरामच्या जिवाला थारा नाही.

सकाळी उठला की आधी धाऊच्या घराकडं बघतो, धूर दिसतोय का. धाऊ नदीवर मळई लावायला गेला की हा काठावर. धाऊ रात्रीचं शिळं खातो हे कळलं, तर ह्याची झोप उडाली. चंद्रभागेनं एकदा गावठी कोंबडीचा रस्सा करून नेला. धाऊनं झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले, आणि झाकण परत लावलं.

"वयनी, न्या माघारी. वास लई झकास हाय. पन मी ह्याचं काय घेतलं, का साक्षीदारी बाटली."

"अवो, जीवाला खा. तुमी धडधाकट ऱ्हायला पायजे."

"ते माज्या मर्जीवर हाय."

दुलई नेली, दुलई परत. खोकल्याचं औषध नेलं, औषध परत. धाऊ आयुष्यात कधी एवढ्या थाटात जगला नव्हता. कोंडीराम हवालदिल झाला. जन्मभर ज्याला त्याला काही ना काही देतो म्हणून त्यानं दुनिया चालवली, आणि आता ज्याच्या जिवावर सगळं होतं, त्याला काय देऊ म्हणायची सोय राहिली नाही.

परवा तर कहर झाला. डोंगराच्या अंगाला एक थोरला आंबा आहे, त्याच्या शेंड्याला मोहोळ लागलेलं. धाऊला लहर आली. कोयता कमरेला लावला आणि चढला. खबर लागली तसा कोंडीराम धावत सुटला, मागनं चंद्रभागा, तिच्या मागनं रूपा, काखेत गोधडी घेऊन.

"धाऊ! उतर रं! वय काय तुजं?"

"तुज्याहून दोन वरसं जास्ती!" वरनं उत्तर आलं.

"तुला मध पायजे ना? मी आनून देतो! इकत आनून देतो! तू फकस्त खाली ये!"

"मला तुजं काय नको, कोंड्या! कागद झालाय!"

तिघांनी गोधडी पसरून धरली. चार टोकं आणि माणसं तीन, म्हणून कोंडीरामनं दोन्ही हातांत दोन टोकं घेतली. माना वर करून तिघं उभी. वरनं पानं पडत होती, मुंग्या पडत होत्या. धाऊ मोहोळ सोडून भलत्याच फांदीवर निघाला, बारक्या, शेंड्याच्या.

"तिकडं कुटं चाललास? मोहोळ हिकडं हाय!"

"बगतो जरा, इकडनं गाव कसं दिसतंय!"

"अगं सरका! सरका! डावीकडं!" कोंडीराम ओरडला, आणि गोधडी ताणून धरलेली ती तिघं, वर बघत, ठेचा खात, धाऊच्या खाली खाली त्या रानातनं चालायला लागली.